भरती वजा जाता

पाऊस गेला, असं लोक म्हणू लागले की माझा त्यावर विश्वास बसत नाही. गेला म्हणजे कुठे गेला? जाताना कोणी पाहिला? सगळ्यांच्या छत्र्या माळ्यावर जातात, गाद्या उन्हात पडतात, आणि मी मात्र दिवाळीपर्यंत पिशवीत छत्री वागवते. समुद्राकाठच्या या शहरात आश्विन म्हणजे नुसता घाम. वारा पडलेला, कपडे अंगाला चिकटलेले, आणि जो तो दुसऱ्यावर उगाच खेकसत असतो. पण अशाच एखाद्या दुपारी कचेरीच्या जिन्यात मला निसवत्या धानाचा वास येतो. पोटरीतून लोंबी बाहेर पडते तेव्हा धानाला एक कोवळा, दुधाळ वास सुटतो, तो. इथे दूरदूरवर धानाची बांधी, धानाचं शेत नाही. म्हणून मी त्या वासावरही संशय घेते, खालच्या चहावाल्याचं दूध उतू गेलं असेल म्हणते, आणि जिना उतरेपर्यंत त्या एका आश्विनात जाऊन पोचते.

संशय हा माझा धंदा आहे. लोकांना वाटतं मी समुद्राचा अभ्यास करते. खरं म्हणजे मी समुद्रावर पाळत ठेवते. बंदराबंदरांत पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. त्यांच्याकडून आकडे येतात, आकड्यांची रेघ होते, आणि ती रेघ दिवसातून दोनदा वर चढते, दोनदा खाली उतरते. ती भरती-ओहोटी. चंद्रसूर्याची ये-जा ठरलेली असल्यामुळे ती आधीच मांडून ठेवता येते. ही मांडलेली भरती आलेल्या रेघेतून वजा करायची आणि खाली काय उरतं ते पाहायचं, हे आमचं काम. काही घडलेलं नसेल तर जवळजवळ सपाट रेघ उरते. त्सुनामी येऊन गेली असेल तर त्या सपाट रेघेवर दाट, आखूड चढउतार दिसतात. भरतीला चढायला सहा तास लागतात. ही काही मिनिटांत चढते आणि काही मिनिटांत उतरते. जिथे ती घरंदारं घेऊन गेली तिथे तिला वेगळं काढावं लागत नाही. पण दूरच्या बंदरात ती हातभर, कधी वीतभरच उरलेली असते आणि भरतीच्या पोटात दडून बसते. तिला तिथून ओढून बाहेर काढायचं.

दोन हजार चारच्या डिसेंबरात ती लाट आली तेव्हा मी या कामात नवखी होते. पुढचे कित्येक महिने आम्ही त्या दिवसाच्या नोंदी उपसत बसलो. कुठे रेघ मध्येच तुटलेली, कुठे यंत्रच वाहून गेलेलं. इतकी माणसं गेली त्या दिवसाची रेघ सुरुवातीला मी पाहून झाली की पालथी घालून ठेवायची. पुढे ती तशीच उघडी राहू लागली, आणि मग मला त्याचंच वाईट वाटू लागलं. आमच्या मॅडम मोठ्या कडक. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "उरलेल्या रेघेत काही दिसलं की लगेच समुद्रावर आळ घ्यायचा नाही. आधी यंत्रावर संशय घे. आणि यंत्रातही सगळ्यात आधी घड्याळावर." यंत्राचं घड्याळ थोडं जरी मागे पडलं तरी खरी भरती आणि मांडलेली भरती एकमेकींवर नीट बसत नाहीत, वजाबाकी फसते, आणि सपाट जागी खोटी लाट उभी राहते. ती ओळखायची खूणही आहे. पाणी जोरात चढत किंवा उतरत असतं तेव्हा ती फुगते आणि भरती पुरी होऊन पाणी थबकलं की नाहीशी होते. खरी लाट भरती थांबली म्हणून थांबत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या पुढच्या आश्विनात गावी गेले. गेले म्हणजे, कावीळ झाली म्हणून पाठवली गेले. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाच्या डोंगरांच्या अलीकडे. समुद्र तिथून इतका लांब, की गावात बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला, आणि त्सुनामीनंतर तर तो पाहायची कोणाला हौसही उरली नव्हती. मी काय काम करते हे आई शेजारणींना सांगायची, "समुद्राचं पानी मोजते." त्यावर एक शेजारीण म्हणाली होती, "आन् कमी भरलं तं कोनाले मांगते?"

गावाला मोठा जुना मालगुजारी तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, मोहाची झाडं, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं लोखंडी गेट, आणि खाली पायरीपायरीने उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. पाऊस आटोपला की उशिरा पिकणाऱ्या जड धानाला शेवटचं पाणी तलावातून द्यावं लागतं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर लोंबी उभीच्या उभी पोचट राहते. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात एकमेकांची थट्टा करणारे लोक या दिवसांत एकमेकांकडे डोळे बारीक करून पाहतात. कोणी शेताकडे निघाला तर का निघाला, आणि नाही निघाला तर का नाही निघाला. आईचं माहेर इटियाडोह धरणाच्या नहराखाली. ती दर आश्विनात म्हणायची, "माह्या माहेरी पान्यासाठी मानूस मानसाले असा पाहत नाही." मला तेही खरं वाटत नाही.

त्या वर्षी पाणी वाटणारा पाणकर होता माझा बाप. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला पहिलाच. आजवर हे काम तलाव बांधणाऱ्या जुन्या शेतकरी घरांतच राहिलेलं. तलावाच्या समितीने बाबांच्या हातात गेट फिरवायची चावी दिली, त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावरची म्हातारी माणसं जरा ताठ बसली होती, असं आईने मला फोनवर सांगितलं होतं. चावी म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा. तो आमच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा, आणि येणारा-जाणारा आधी त्याच्याकडे पाहून मग घरच्यांशी बोलायचा. बाबांवर कधी आळ आला असता तर तो एकट्या बाबांवर येणार नव्हता. मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात ती चावी पुन्हा पडली नसती.

मी पोचले तेव्हा आळ येऊन चुकला होता.

पाण्याची वाटणी सोपी होती. सकाळी गेट उघडलं की दुपारची पॅसेंजर जाईपर्यंत पाणी वरच्या बांध्यांना. गाडीची शिट्टी ऐकू आली की पाट वळवायचा, आणि दिवस मावळून गेट बंद होईपर्यंत पाणी खालच्या बांध्यांना. आमच्या आजाच्या आधीपासून पाण्याची पाळी अशी गाडीवर बदलत आली होती. त्यामागेही संशयच. मागे कधीतरी कोणी मनगटावरचं घड्याळ पुढे करून पाणी लवकर वळवून घेतलं होतं म्हणे. तेव्हापासून गावात कोणाच्याच घड्याळाला किंमत उरली नव्हती. सूर्यावर मोजावं तर ढग येतात, आणि ढग नसले तरी तुझा सूर्य वेगळा नि माझा वेगळा. गाडी मात्र कोणाच्या सोयऱ्याची नाही. तिला वरच्यांनी कोंबडं खाऊ घातलं नाही की खालच्यांनी मोहाची पाजली नाही. तिने शिट्टी दिली की वळव पाणी, तंटा नाही.

पण त्या वर्षी खालच्या बांध्या भरेनात. वरच्या तुडुंब, खालच्यांना भेगा. आणि वरच्यांत सगळ्यात वर बांधी कोणाची, तर मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या सख्ख्या मोठ्या भावाची. मग काय, लोकांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. देवाजी पाणकर सकाळी भावासाठी गेट जास्त उघडतो, दुपारी आवळून घेतो, असं बोललं जाऊ लागलं. आमची स्वतःची बांधी खालच्यांत होती, तीही सुकत होती. पण त्यावरही उत्तर तयार होतं. ते लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला, म्हणे.

समितीने मग गेटजवळच्या दगडावर रंगाने पट्टी आखली. सकाळी गेट उघडताना, दुपारी गाडीवर आणि संध्याकाळी गेट बंद करताना पाण्याची पातळी वाचायची. वाचायला दोघं, एक वरच्यांचा, एक खालच्यांचा. दोघंही वाकून एकाच रेषेकडे पाहत आणि आधी तू बोल, आधी तू बोल करत. आकडे लिहायचे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर, सगळ्यांदेखत, खडूने. वही करायची नाही, कारण वही कोणाच्या तरी घरी ठेवावी लागली असती.

आठवडाभरात फळ्याने बाबांचा निकाल लावून टाकला. सकाळचा उतार रोज जास्त, दुपारचा रोज कमी. खालच्यांतर्फे पातळी वाचणारा शंकर आमच्या ओसरीवर आला तेव्हा मी उसाचा रस पीत बसले होते. तो माझ्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून जरा ओशाळला, पण बोलला. "पोरी, तू शिकली-सवरली हायेस. सांग बरं, गेट एक, त्याचं तोंड एक. मंग दुपारपर्यंत इतकं पानी उतरते, आन् दुपारनंतर काऊन नाही उतरत?" मी म्हटलं, पाहते. तो उठता उठता खिळ्यावरच्या चावीकडे बघून गेला.

घरात तर त्याहून वाईट. मोठेबाबांशी आईचं मागल्या भिंतीवरून वाकडं होतं. दोन पावसाळे दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. बाबा भावाशी बांधावर दोन शब्द बोलत, तेवढंही तिला सहन होत नसे. ती माझ्या डोक्याला तेल लावताना पुटपुटायची, "तुया बाबाले भावाचं लई. मोहल्ल्याचं नाक गेलं तरी चालन, पन भावाची बांधी भराले पायजे."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं कायले सांगाले पायजे? त्याची बांधी पाह्य, काठोकाठ. आपली पाह्य. धान गाभ्यात सुकून राहिलं."

बाबा जेवायला बसले की ती ताट ठेवून निघून जायची. आधी ती समोर बसून, वाढत, दिवसभराचं सांगायची. आता वरण गार झालं तरी कोणी काही म्हणत नसे. मला त्या घरात कावीळ सोसत होती, ती शांतता सोसत नव्हती.

आणि बाबा गप्प. हेच मला खुपायचं. चावडीवर, पानठेल्यावर, समितीत, कोणी काही बोललं तरी ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. माझा बाप बोलका माणूस. भीमजयंतीला माईक हातात आला की सोडत नसे. निरपराध माणूस भांडतो, निदान शिव्या तरी देतो. मी एकदा सरळच म्हटलं, "बाबा, तुमी काऊन नाही बोलत?"

"ताक पे," ते म्हणाले. "कावीर झाली हाये तुले. जास्त बोलू नोको."

तेव्हापासून माझ्याही मनात पाल चुकचुकू लागली.

मी काठी टेकत फळ्यापाशी गेले. पिवळ्या डोळ्यांची, सुकलेली पोरगी फळ्यासमोर उभी राहून बोटांवर हिशेब करते, हे पाहायला माणसं जमली. गोंदियाहून आलेला एक कापडवाला कोणाला तरी विचारत होता, "क्या हुआ, रिजल्ट लगा है क्या?" मी सकाळचे जास्तीचे आकडे पाहिले, दुपारचे कमी पडलेले पाहिले. सकाळी जितकं जास्त, दुपारी तितकंच कमी. दिवसाची बेरीज रोज तीच. सकाळी गेट जास्त उघडून दुपारी अंदाजाने आवळलं असतं तर ही बेरीज रोज कमीजास्त झाली असती. ती हलतच नव्हती, नुसता दुपारचा उतार सकाळकडे सरकत होता. माझ्या कानात मॅडमचा आवाज आला. आधी घड्याळ.

आणि या गावचं घड्याळ कोणतं, तर पॅसेंजर.

दुसऱ्या दिवशी मी आतेभावाच्या मोटारसायकलवर बसून स्टेशनात गेले. छोटं स्टेशन, फलाटावर बांबूचे भारे आणि उन्हात झोपलेली कुत्री. तिथल्या माणसाला गाडीचं विचारलं तर तो हसायलाच लागला. "अरे बिटिया, दिवाली तक मत पूछो. टनल के पास लाइन का काम चल रहा है. आउटर पे खड़ी रखते हैं. कभी घंटा लेट, कभी उससे ज्यादा." मला त्या फलाटावर नाचावंसं वाटलं. गाडी उशिरा यायची, तितका वेळ पाणी वरच्यांकडेच राहायचं आणि खालच्यांचा तेवढा वेळ बुडायचा. ना कोणी गेट फिरवलं, ना कोणी भावाची बाजू घेतली. खालच्यांची तक्रार खरी होती आणि चोर कोणीच नव्हता.

तुम्ही म्हणाल, गाडी उशिरा येते हे गावाला कळत नव्हतं काय? चांगलं कळत होतं. तिला शिव्या देतच लोक गोंदियाच्या बाजाराहून परतायचे. पण स्टेशनात उशिरा येणारी गाडी आणि पाटावर पाळी बदलणारी गाडी या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गाड्या होत्या. पहिली सरकारची होती, दुसरी आजाने ठरवून दिलेली. दुसरीवर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच येत नव्हतं. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसांना एक काहीतरी असं लागतंच, की ज्यावर संशय घ्यायचा नाही.

मला वाटलं, सुटलो. पण धंद्याची सवय वाईट. घड्याळाची चूक काढून टाकली की उरलेली रेघ पुन्हा एकदा पाहायची असते, म्हणून मी फळा पुन्हा पाहिला. आणि या वेळी संध्याकाळचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या आकड्याशी ताडून पाहिला. गेट बंद झाल्यापासून उघडेपर्यंत पाणी हलायला नको. थोडं झिरपतं, तेवढंच. पण काही सकाळी पाणी झिरपण्याहून जास्त उतरलेलं होतं. फार नाही, दोन बोटं. तेही सगळ्याच दिवशी नाही. गाडीचा त्याच्याशी काही संबंध लागत नव्हता. ही लहानशी लाट खरी होती.

गेट बंद असताना पाणी न्यायचं तर चावी हवी. चावी आमच्या घरात.

त्या पहाटे अंगाला खाज सुटून मला लवकर जाग आली. उजाडत होतं. दाराजवळचा खिळा रिकामा होता. बाबांचं अंथरूणही रिकामं होतं. आई तर रोजच त्या वेळी सरपणाला गेलेली असायची. मी तशीच खाटेवर बसून राहिले आणि बापाच्या नावाने मला रडू आलं. वाटलं, मोहल्ल्याची इतकी माणसं ज्याच्याकडे पाहून ताठ बसली, तो माणूस पहाटे चोरासारखा पाळीवर वाकलेला असेल. थोड्या वेळाने आई आली, मग बाबा आले, केव्हातरी चावी खिळ्यावर लागली, चूल पेटली. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले.

समितीची बैठक ग्रामपंचायतीच्या आवारात, चिंचेखाली, भर दुपारी भरली. सारा गाव आला होता. वरचे एका बाजूला, खालचे एका बाजूला, मोठेबाबा खांबाला टेकून. बाया भिंतीकडे, त्यांत आई. अध्यक्ष, ज्यांना गावात सगळे पाटील म्हणत, त्यांनी मला उभं केलं. मी गाडीचं सांगितलं. सकाळचं जास्त आणि दुपारचं कमी कसं जुळतं ते फळ्यावर दाखवलं. स्टेशनातल्या माणसाचं बोलणं सांगितलं. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरगी बापाची वकिली करून राहिली." त्यावर दुसरा म्हणाला, "पन गाडी लेट तं हाये बा. काल मी खुद दोन घंटे बसलो." हळूहळू लोक हसायला लागले. स्वतःवरच हसल्यासारखं करून गाडीवर हसायला लागले. मोठेबाबांनी खांब सोडला. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

मग शंकर उठला. तोही आकडे रोज वाचणारा माणूस होता. "गाडीचं मानलं," तो म्हणाला. "पन सकारचं का? गेट बंद रायते, तरी पानी उतरते. ते कोनती गाडी नेते?"

हसणं थांबलं. सगळ्या गावाच्या माना एकदम आमच्याकडे वळल्या. चावी कोणाच्या घरी असते हे कोणाला सांगावं लागलं नाही.

बाबा उठले. त्यांनी चावी सोबत आणली होती. ती पाटलांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "चावी माह्या घरी रायते. जे झालं ते माह्याकडून झालं. दुसऱ्या कोनाले इचारू नोका."

म्हणजे खरंच, असं वाटून मी डोळे मिटले. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आईचा आवाज आला. ती उभीही राहिली नव्हती नीट, अर्धवट उठली होती.

"त्यायनं नाही. मी फिरवली चावी." ती पाटलांकडे नाही, बाबांकडे पाहत होती. "मले वाटलं, हे सकारभर भावाले पानी देऊन राहिले. मंग आपलं सुकू द्याचं का? मी आपल्या बांधीत घेतलं. चार-पाच डाव घेतलं. आता पोरगी म्हनते, ते देतच नव्हते."

ती परत खाली बसली. मी तिथे फळ्याला टेकले. सारा आठवडा मी घड्याळावर संशय घेतला, गाडीवर घेतला, बापावर घेतला. आई मात्र रोज पहाटे बाहेर जाते म्हणून तिला मी आधीच वजा करून टाकलं होतं.

बैठकीत पुढे बरीच भवती न भवती झाली. पाणी चोरणाऱ्याची पाळी बंद, हा जुना रिवाज. तो आम्हाला लागू झाला. आमच्या बांधीला त्या वर्षी पुन्हा पाणी मिळालं नाही. चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या वेळी धान उपणायला घेतलं तेव्हा दाण्यापेक्षा पोचटच जास्त उडालं, आणि उडत असताना आई सूप हलवतच राहिली. चावी पाटलांनी बाबांनाच परत केली. खालच्यांतले दोघं-तिघं कुरकुरले, पण शंकरच म्हणाला, "जो मानूस बायकोची चोरी आपल्या आंगावर घेते, तो भावासाठी कायले चोरी करन?" हे तर्काला धरून नव्हतं, पण गावाला पटलं. वेळेचं मात्र ठरता ठरेना. शेवटी वरच्यांचं एक आणि खालच्यांचं एक अशी दोन घड्याळं गेटवर ठेवायची ठरली. दोन्हीत बारा वाजले की पाणी वळवायचं. माझ्या माहितीप्रमाणे ती दोन घड्याळं कधीच एका वेळी बारा वाजवत नाहीत आणि मधल्या वेळात लोक भांडतात, पण आता भांडण घड्याळांशी असतं.

मी बरी होऊन कामावर परतले. आजही परक्या बंदराची रेघ समोर आली की भरती काढते, घड्याळ तपासते, जे उरतं त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहते. एवढा सगळा खटाटोप आम्ही करतो, कारण समुद्राला विचारता येत नाही. तो काही सांगणार नाही, म्हणून त्याच्या मागावर राहायचं. माणसांशीही मी पुष्कळदा असंच वागते असं माझा नवरा म्हणतो, आणि मग मला त्या बैठकीनंतरची वाट आठवते.

घरी परतताना आम्ही तिघं पाटाच्या काठाने चाललो होतो. आई पुढे, पदर तोंडाशी. मध्ये मी काठी टेकत. मागे बाबा, खांद्यावर चावी. दोन्हीकडे धान निसवलेलं, ऊन कलतं. बरंच चालल्यावर बाबा मागून म्हणाले, "मले एक डाव इचारलं असतंस. भावाले पानी देता का म्हनून."

आई चालतच राहिली. मग एकदम थांबून वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "आन् तुमी? रोज सकारी पाटाच्या खालच्या टोकाले गवत काढत रायता. पाटात पानी येताना तुमाले दिसलं नसन का? ते कोनाच्या बांधीत जाऊन राहिलं, दिसलं नसन का? सारा गाव तुमाले बोलत होता. मंग तुमी मले काऊन नाही इचारलं?"

बाबांनी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग ते आमच्या बांधीकडे पाहू लागले.

"भेव वाटला," ते म्हणाले. "तू हो म्हनली असतीस."